चाकांवरचा तोल : शाळकरी मुलांचं स्केटिंग, त्याचा इतिहास आणि त्याचा उपयोग



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांनी आम्हाला फोन केले. "सर, तुम्ही आणि स्केटिंग?" त्यांचं आश्चर्य रास्त आहे. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पायाला चाकं आम्ही कधी बांधली नाहीत, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर बांधू नयेत असा डॉक्टरांचा स्पष्ट सल्ला आहे. पण समोर बसलेल्या माणसांच्या घरात जो प्रश्न चालू आहे तो घ्यायचा आणि त्याबद्दल इतिहास काय सांगतो ते बघायचं, अशी या व्याख्यानमालेची रीत आहे. सध्या आपल्या छावणीत, तिकडे पडेगाव-मिटमिट्यापर्यंत, बऱ्याच घरांत हा प्रश्न चालू आहे. सुटीत पोराला स्केटिंगच्या शिबिराला घालावं का? त्याने नेमकं काय होतं? पडून हात मोडला तर? आणि ज्यांच्याकडे स्केट्स घ्यायला पैसे नाहीत त्यांच्या मुलांचं काय?

शेवटचा प्रश्न सहसा कुणी मोठ्याने विचारत नाही. आम्ही त्याच्यापर्यंत आज जाणार आहोत. पण सुरुवात जरा मागून करू.

आमच्या पिढीला चाकाची पहिली ओळख पांगुळगाड्याने झाली. तीन लाकडी चाकं, वर धरायला आडवी दांडी. मूल उभं राहून ढकलायला लागायचं आणि गाडा पुढे पळायचा. मूल मागे, गाडा पुढे, आणि मधे आजी. त्यानंतर सायकलचा जुना टायर काठीने पळवणं. आणि जरा मोठं झाल्यावर बेअरिंगची गाडी. आज समोर जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना ती आठवत असेल. गॅरेजमधून टाकून दिलेली बेअरिंगं मागून आणायची, एका फळीखाली आडव्या दांड्यात ती ठोकायची, आणि उतारावरून बसून सुटायचं. कर्रर्र असा आवाज सगळ्या गल्लीत. ब्रेक म्हणजे आपल्याच चपला. चपला झिजल्या की घरी मार. ही गाडी कुणी शिकवली नाही, तिचा क्लास नव्हता, फी नव्हती. हे सांगण्याचं कारण असं की चाकावर तोल सांभाळायची हौस परदेशातून आलेली नाही. पायाला बांधायची चाकं मात्र बाहेरून आली. ती कशी आली ते आता बघू.

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये, अठराव्या शतकात. जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक कारागीर होता. जन्म १७३५, गाव हुई, म्हणजे आजच्या बेल्जियममध्ये. १७६० साली तो लंडनला आला. घड्याळं, वाद्यं, हलणाऱ्या बाहुल्या बनवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने बुटांना चाकं लावली. मग सोहो भागातल्या कार्लाइल हाउसमध्ये श्रीमंतांचा जलसा होता, तिथे हे गृहस्थ चाकं लावून, वर व्हायोलिन वाजवत शिरले. वेग आला, पण थांबायचं कसं आणि वळायचं कसं याची सोयच केलेली नव्हती. समोर भिंतीएवढा आरसा. किंमत पाचशे पौंडांच्या वर. मर्लिनसाहेब थेट त्या आरशात. आरसा फुटला, व्हायोलिन फुटलं आणि स्वतःही चांगलेच जखमी झाले. ही हकिकत पुस्तकात आली ती १८२५ साली, म्हणजे बऱ्याच वर्षांनी, तेव्हा तिला थोडं तिखटमीठ लागलं असेल. पण आपल्या घाटातल्या पाट्यांवर लिहिलेलं असतं ना, अति घाई संकटात नेई, त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

याच मर्लिनने आणखी एक वस्तू केली. संधिवाताने चालता न येणाऱ्या माणसाला बसल्या जागेवरून स्वतःच्या हाताने फिरवता येईल अशी चाकांची खुर्ची. तिला पुढे कितीतरी वर्षं मर्लिनची खुर्ची असंच म्हणत. आता बघा, माणूस एक, चाक तेच. एका वेळी ते चारचौघांत मिरवायला वापरलं आणि आरसा फुटला. दुसऱ्या वेळी पांगळ्याला हिंडवायला वापरलं आणि कित्येकांचं आयुष्य सोपं झालं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मर्लिननंतर, १८१९ साली, पॅरिसमध्ये पेतिब्लेद नावाच्या माणसाने एका रांगेत चाकं असलेल्या स्केटचं पेटंट घेतलं. हल्ली ज्याला आपली मुलं इनलाइन म्हणतात, तिची ही पणजी. १८४९ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात मायरबेअरच्या 'ल प्रोफेत' या संगीतनाटकात गोठलेल्या तळ्यावर लोक बर्फावरून घसरतायत असा देखावा होता. रंगमंचावर बर्फ कुठून आणणार? नर्तकांच्या पायाला चाकं बांधली. लोक वेडे झाले. पण या सगळ्या स्केट्सची अडचण मर्लिनचीच होती. सरळ जाता यायचं, वळताना मात्र पाय उचलावा लागायचा.

ती अडचण सोडवली अमेरिकेतल्या जेम्स प्लिम्प्टनने, १८६३ साली. त्याने चाकं दोनाच्या दोन जोड्यांत लावली, एक जोडी पुढे, एक मागे, आणि प्रत्येक जोडीचा आस व पायाखालची पट्टी यांच्या मधे रबराची उशी बसवली. यामुळे काय झालं? पायाचं वजन डाव्या कडेला टाकलं की रबर त्या बाजूला दबतं, आस तिरका होतो आणि स्केट आपोआप डावीकडे वळते. उजवीकडे झुकलं की उजवीकडे. म्हणजे जिकडे झुकाल तिकडे वळाल. आजही शाळेतल्या पोरांच्या चार चाकांच्या स्केट्समध्ये हीच युक्ती आहे. १८६६ मध्ये प्लिम्प्टनने न्यूपोर्ट या गावातल्या एका हॉटेलाचं जेवणाचं दालन घेऊन तिथे स्केटिंगची रिंक केली. पुढच्या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये या खेळाची अशी साथ आली की वर्तमानपत्रांनी तिला रिंकचं वेड असं नाव दिलं. त्या वेडात एक चांगली गोष्ट घडली. ज्या काळात तरुण मुलींना घराबाहेर व्यायाम करणं शोभत नाही असं मानत, त्या काळात मुली मुलांच्या बरोबरीने रिंकवर उतरल्या. मग १८८४ मध्ये लेव्हंट रिचर्डसनने चाकांत पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, आणि चाक हलकं पळायला लागलं. म्हणजे आमच्या गल्लीतली बेअरिंगची गाडी आणि ही स्केट चुलत बहिणी झाल्या की नाही?

आपल्या देशात ही चाकं साहेबांबरोबर आली. थंड हवेच्या गावी राहणाऱ्या इंग्रजांना संध्याकाळी करमणूक हवी होती. मसुरीला १८९० च्या सुमारास लाकडी तळाची मोठी रिंक बांधली गेली, तिची कीर्ती पुष्कळ वर्षं होती. अशा जागी प्रवेश कुणाला होता हे सांगायला नको. साहेब, मडमा, त्यांच्या शाळांतली मुलं आणि एखाद-दुसरा संस्थानिक.

आणि आपली छावणी? आपण जिथे बसलो आहोत ती जागा हैदराबाद कंटिंजंटची. निजामाच्या खर्चाने ठेवलेली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज. १८५७ च्या जूनमध्ये याच ठिकाणी तिच्या घोडदळाने बंडाचा पवित्रा घेतला, आणि तो मोडायला पुण्याकडून जनरल वुडबर्न आला. तोफेच्या तोंडी दिलेल्या शिपायांचा इतिहास या मातीत आहे. रुंद सरळ रस्ते, कवायतीचं मैदान, चर्चं, बंगले, हे सगळं आखलं गेलं ते फौजेसाठी. छावणी या शब्दाचा अर्थच असा की आत कोण आणि बाहेर कोण हे ठरलेलं. गुरुवारच्या बाजाराला बाहेरचा शेतकरी जनावरं घेऊन आत यायचा, संध्याकाळी परत जायचा. मसुरीच्या रिंकचा दरवाजा आणि छावणीची वेस, दोन्हीकडे नियम एकच होता.

तो नियम मोडला तो इथून हाकेच्या अंतरावर. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय या शहरात सुरू केलं. आज त्याला आपण मिलिंद म्हणतो आणि त्या परिसराला नागसेनवन. ज्यांना कुठल्याच दारातून आत घेत नव्हते त्यांच्यासाठी ते दार उघडलं. स्केटिंगच्या व्याख्यानात हे कशाला, असं कुणाला वाटेल. आमचा मुद्दाच तो आहे. एखादी विद्या, मग ती तर्कशास्त्राची असो की चाकावर उभं राहण्याची, कुणाच्या मालकीची राहते आणि कधी सगळ्यांची होते? इतिहास असं सांगतो की ती शाळेत आली तर सगळ्यांची होण्याची शक्यता असते. तोवर ती दिवाणखान्यात, नाटकगृहात आणि क्लबात असते.

स्वातंत्र्यानंतर स्केटिंग हळूहळू संघटित झालं. १९५५ मध्ये रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया स्थापन झालं. पुढे शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत स्केटिंग आलं, आणि मग शाळांनी, पालकांनी त्याकडे वळून बघायला सुरुवात केली. २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत स्केटिंगचा प्रथमच समावेश झाला, आणि तिथे भारताच्या अनुपकुमार यामाने कलात्मक स्केटिंगमध्ये कांस्यपदक मिळवलं, जोडीच्या प्रकारातही अवनी पांचाळबरोबर कांस्य. २०२५ मध्ये तमिळनाडूच्या आनंदकुमार वेलकुमारने वेगाच्या शर्यतीत जागतिक सुवर्णपदक आणलं.

आम्हाला सगळ्यांत आवडते ती २ ऑक्टोबर २०२३ ची हांगझाऊची शर्यत. पुरुषांची तीन हजार मीटर रिले. आपल्या संघात आर्यनपाल घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे. आपल्याला कांस्य मिळालं, त्याच दिवशी मुलींच्या संघालाही मिळालं. पण त्या शर्यतीत पुढे काय झालं ते ऐका. दक्षिण कोरियाचा शेवटचा खेळाडू सगळ्यांच्या पुढे होता. रेषा आली असं समजून त्याने सरळ उभं राहून दोन्ही हात वर केले. मागून तैवानचा खेळाडू खाली वाकलेला होता, त्याने पाय पुढे ताणला. तैवान पहिला, कोरिया दुसरा, फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. रेषा ओलांडायच्या आत हात वर केले की असं होतं. (हशा) हसू नका, हे आपल्यालाही होतं, आता सांगतो कसं.

त्याआधी फायद्यांचं बोलून घेऊ, कारण बरेच जण त्यासाठीच आले आहेत.

शरीराचा तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरांवर चालतो. डोळे, कानाच्या आतला भाग, आणि स्नायू व सांधे. जमिनीवर चालताना या तिघांचं इतकं जमलेलं असतं की आपल्याला पत्ताही नसतो. पायाखाली चाकं आली की ते जमलेलं मोडतं. मेंदूला तिघांची पुन्हा गाठ घालून द्यावी लागते. मूल सुरुवातीला लटपटतं ते याच कामात असतं. दुसरं, चालताना, धावताना आपण पाय मागे रेटतो. स्केटिंगमध्ये पाय बाजूला रेटावा लागतो. त्यामुळे मांडीच्या आणि कमरेच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू, जे वर्गातल्या बाकावर दिवसभर आळसात असतात, ते कामाला लागतात. धावताना दर पावलाला टाच जमिनीवर आपटते, इथे पाय सरकतो, म्हणून गुडघ्याला हादरा कमी. दमछाक मात्र चांगली होते. साध्या चालण्याच्या जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं अंगमेहनत करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपली मुलं त्यातली किती करतात, हे त्यांच्या हातातल्या मोबाइलला विचारा.

आता पडण्याचं. मुलं पडणार. न पडता स्केटिंग येत नाही. प्रश्न आहे कसं पडायचं हा. माणूस पडताना आपोआप हात पुढे टाकतो, म्हणून मनगट मोडतं. अमेरिकेत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात असं दिसलं की मनगटाचे गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाच्या इजेचा धोका घालणाऱ्यांच्या सुमारे दहापट होता, आणि कोपराच्या पॅडचंही जवळजवळ तसंच. म्हणून पालकांनो, नवी कोरी स्केट जरा हलकी घ्या, पण हेल्मेट, मनगट, कोपर आणि गुडघा यांच्यावर काटकसर करू नका.

चांगला शिक्षक कसा ओळखायचा? आम्ही गेली काही वर्षं सकाळी फिरायला जाताना वेगवेगळे वर्ग उभे राहून पाहिले आहेत. चांगला शिक्षक पहिल्या दिवशी मुलांना पळवत नाही. गवतावर नाहीतर सतरंजीवर स्केट्स घालून नुसतं उभं करतो. मग गुडघे वाकवून बसायला लावतो. मग पडायला शिकवतो. गुडघे वाकव, अंग खाली आण, एका कुशीवर पड, मुठी मिटलेल्या ठेव. मग उठायला. आधी गुडघ्यावर ये, एक पाय उभा कर, दोन्ही हात त्या गुडघ्यावर, ऊठ. मग बदकाची चाल, टाचा जवळ, चवडे बाहेर. मग थोडं सरकणं. मग थांबणं. आणि थांबता आलं की मग वेग. मर्लिनने हा क्रम उलटा केला, म्हणून आरसा फुटला. जो शिक्षक चौथ्या दिवशी व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकतो आणि ज्याच्या मुलांना थांबता येत नाही, त्याच्यापासून मुलाला लांब ठेवा.

आमच्या विषयातलं थोडं सांगू? मायकेल पोलान्यी नावाचा विचारवंत होता. १९५८ च्या त्याच्या ग्रंथात सायकलस्वाराचं उदाहरण आहे. तोल जायला लागला की सायकल किती वळवायची याचं गणित असतं, ते मांडता येतं. पण सायकल चालवणाऱ्या कुणालाच ते माहीत नसतं, आणि ज्याला गणित माहीत आहे त्याला त्याच्या जोरावर सायकल येत नाही. शरीराला जे कळतं ते सगळं शब्दांत सांगता येत नाही. आमच्यासारख्या आयुष्यभर शब्दांवर जगलेल्या माणसाला हे मान्य करायला वेळ लागला. पण आमच्या शिक्षणव्यवस्थेला अजून ते मान्यच नाही. पाठ करून सांगता येईल तेवढंच तिच्या लेखी ज्ञान.

आणि इथे आम्हाला शेजारचा नागसेन आठवतो. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात मिलिंद राजा रथात बसून भिक्षू नागसेनाकडे येतो. नागसेन त्याला विचारतो, तू ज्यातून आलास तो रथ म्हणजे काय? दांडा म्हणजे रथ का? आस? चाकं? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. हे सगळे भाग एकमेकांच्या आधाराने उभे असतात तेव्हा आपण त्याला रथ म्हणतो, एवढंच. स्केटिंगही तसंच आहे. ते महागड्या बुटात नाही, गुडघ्यात नाही, रिंकमध्ये नाही. मूल, चाक, जमीन, शिक्षक, आणि शेजारी पडत-उठत असलेली दुसरी मुलं, हे सगळं जमतं तेव्हा ते होतं. आणि प्रशस्तिपत्रात तर ते मुळीच नाही.

प्रशस्तिपत्राचं आम्ही आमच्या अनुभवावरून बोलतो आहोत.

आपल्याकडे गेल्या वीसेक वर्षांत विक्रमांची एक लाट आली. बेळगावच्या लहान मुलांची छायाचित्रं जगभर गेली. दोन्ही पाय फाकवून, छाती जमिनीला लागेपर्यंत वाकून, मोटारींच्या रांगेखालून घसरत जायचं. २०२२ मध्ये पुण्याच्या सात वर्षांच्या मुलीने वीस मोटारींखालून १३.७४ सेकंदांत जाऊन विक्रम केला. त्या मुलांच्या कसबाला आमचा नमस्कार आहे. लहान अंगाची लवचिकता आणि मेहनत, दोन्ही त्यात आहेत. पण विक्रमाची हवा सुटली की ती कसब नसलेल्यांपर्यंतही येते.

आमची नात आठ वर्षांची असताना तिच्या वर्गात टूम निघाली. सलग इतके तास स्केटिंग, विक्रम, प्रत्येक मुलाला पत्र आणि पदक, आणि प्रत्येक पालकाकडून वर्गणी. तो वर्ग कुठला ते विचारू नका, कारण चूक त्या वर्गाची जेवढी, तेवढी आमची. फॉर्मवर सही आम्ही केली होती. मे महिना. चौथ्या तासाला पोर कडेला येऊन बसली. रडत नव्हती, नुसती बसली होती. आम्ही मांडवाच्या सावलीत खुर्चीवर होतो. आम्ही तिथून ओरडलो, "ऊठ, ऊठ, थोडंच राहिलंय." ती उठली. तिने पूर्ण केलं. पत्र मिळालं, चौकट करून आम्ही ते दिवाणखान्यात लावलं. आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर तिने स्केट्सना हात लावला नाही. कोरियाच्या त्या खेळाडूने रेषेआधी हात वर केले म्हणून आपण हसलो. आम्ही तर पोरीच्या वतीने हात वर केले होते.

ती परत चाकांवर आली ती आमच्यामुळे नाही. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी सुटीत आईबरोबर यायची. तिने माळ्यावरच्या स्केट्स पाहिल्या. एक दिवस आम्ही झोपेतून उठून बाहेर आलो, तर दोघी मागच्या कोब्यावर. हिच्या उजव्या पायात एक स्केट, तिच्या डाव्या पायात दुसरी, आणि एकमेकींचा हात धरून दोघी एका पायाने रेटत, एका पायाने घसरत चालल्या होत्या. पडत होत्या, हसत होत्या. आमची नात तिला सांगत होती, "आधी गुडघे वाकव. मग पड. घाबरू नको, पडलं की उठता येतं." जे तिला शिकवलं होतं ते तिने दुसरीला दिलं, तेव्हा तिला ते खरं आलं, असं आमचं मत आहे. ती चौकट आम्ही त्याच आठवड्यात उतरवली.

त्या दोघींना बघताना आम्हाला आमच्या मागच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्या मुलांचं काय? लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या लोखंडी पट्टीच्या स्केट्स मिळतात. पायातल्या बुटावरच बांधायच्या. नट सैल केला की चौथीच्या मुलाला होतात, पुन्हा ओढला की दुसरीच्या मुलीला. एका शाळेने अशा वीस जोड्या आणि वीस मुलांचे पॅड-हेल्मेट घेतले, तर आलटून-पालटून अख्खी शाळा शिकू शकते. रिंक नको. शहाबादी फरशीचे सांधे चाकाला अडकतात, ती नको. पण गुळगुळीत कोबा केलेलं अंगण, प्रार्थनेची मोकळी जागा, पावसाळ्यात मोठा व्हरांडा, एवढं पुरतं. रस्त्यावर मात्र नको. नगर नाक्याची वाहतूक बघून तरी नको. आणि जोडी कमी असल्यामुळे अर्धी मुलं स्केट्सवर आणि अर्धी हात धरायला, असा वर्ग होईल. आम्हाला तर तो जास्त चांगला वाटतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे त्यात आपोआप होतं.

काही जण म्हणतील, सर, खेळाचे वाढीव गुण आहेत, नोकरीत खेळाडूंसाठी राखीव जागा आहेत, स्पर्धा नको कशी म्हणता? आम्ही स्पर्धा नको म्हणत नाही. ज्याच्या अंगात वेग आहे त्याने जरूर हांगझाऊला जावं, आम्ही टाळ्या वाजवू. पण शाळेतल्या शंभर मुलांतलं एखादंच तिथे जाणार. उरलेल्या नव्याण्णव मुलांना स्केटिंगने काय द्यायचं? आमचं उत्तर साधं आहे. तोल जातो हे कळणं, तो सावरता येतो हे कळणं, पडलं तर लाज वाटू नये आणि दुसरा पडला तर हात द्यावा. हे चार धडे कुठल्याच पेपरात नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी हुशार मुलं आयुष्यात पहिल्यांदा नापास झाली तेव्हा कोसळली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना तर्कशास्त्र आम्ही चांगलं शिकवलं होतं. पडायला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून आमची विनंती दोन ठिकाणी आहे. पालकांनी फॉर्मवर सही करण्याआधी मुलाला विचारावं, आणि शिबिर निवडताना पदकांचा फलक न बघता थांबायला शिकवतात का ते बघावं. आणि छावणीतल्या शाळांनी, ज्यांच्याकडे अशी अंगणं आहेत त्यांनी, वर्षाच्या खर्चात वीस जोड्यांची सोय करावी. वर्गणी काढायची असेल तर पहिलं नाव आमचं लिहा.

आमची नात आता मोठी झाली. तिची ती मैत्रीणही मोठी झाली. स्केट्सची ती जोडी मात्र अजून माळ्यावर आहे, चाकं झिजलीत पण नट फिरतो. ती पहिल्या शाळेला आमच्याकडून. प्रश्न असतील तर आता विचारा, आणि ज्यांना घाई आहे त्यांनी जिना सावकाश उतरा.